मऊ ठोकळा

६ जानेवारी, सोमवार

अखेर ठोकळे आले. खोकं इतकं हलकं की कुरिअरवाल्यानं दोनदा हलवून पाहिलं. आत विटेएवढे पिवळसर फोमचे ठोकळे, तीन जातींचे: कडक, मधला आणि मऊ. हेच माझं हाड. खरं हाड प्रत्येक माणसाचं वेगळं, त्यामुळे त्यावर केलेले प्रयोग एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. म्हणून आधी सगळे या नकली हाडावरच करतात.

आकडे लॅबच्या रजिस्टरमध्ये जातील. बाकीचं इथं लिहायचं ठरवलंय. नागेश म्हणतो, तू नवऱ्यापेक्षा मशीनशी जास्त बोलतेस. तो पूर्णा जंक्शनला सिग्नलच्या कामावर, मी परभणीत कॉलेजवर, त्याच्या पाळ्या आणि माझे तास. बोलायचं तरी कधी?

काम तसं सांगायला सोपं आहे. माणसाचा खुबा झिजला की डॉक्टर नवा सांधा घालतात. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो, तिथं धातूची एक वाटी ठोकून बसवतात. तिला कप म्हणायचं. त्याची पाठ खरखरीत असते आणि काही महिन्यांत हाड त्या पाठीत वाढून तो पक्का होतो. पण तोवर? तोवर तो नुसत्या अडकण्यावर टिकतो. खोबण कपापेक्षा जराशी लहान कोरलेली असते म्हणून. हे अडकणं किती भरवशाचं, ते मला मोजायचंय. कप ठोकळ्यात दाबून बसवायचा आणि मग उखडायचा. माझी पीएच.डी. म्हणजे एवढंच. माहेरी मम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, बसवायचा कशाला मग?

आई (सासूबाईंना मी आई म्हणते) मात्र हसल्या नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म विज्ञान शिकवलंय त्यांनी. तिन्ही ठोकळे मांडीवर घेऊन बघत बसल्या.

'यातलं म्हातारीचं हाड कोणतं ग?'

मी मऊ ठोकळा दिला. त्यांनी त्यात नख रुतवलं. खूण उमटली.

'असल्या हाडात बसतो का तुझा कप?'

'तेच बघायचंय, आई.'

'बघ मग नीट,' म्हणाल्या आणि तो ठोकळा बराच वेळ हातातच धरून राहिल्या. घरात कुणाला तरी माझ्या कामात रस आहे याचं फार बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

मानवतला लग्न होतं, नागेशच्या चुलतबहिणीच्या मुलीचं. मन खट्टू होऊन परत आले.

आई मांडवात शिरल्या त्या कडेच्या खुर्चीत बसल्या ते शेवटपर्यंत. अक्षता बसल्या जागेवरून टाकल्या. नवरानवरीला भेटायला स्टेजवरसुद्धा गेल्या नाहीत. पंगतीला सगळ्या बायका खाली बसल्या, तर यांनी ताट खुर्चीत मागून घेतलं. नागेशच्या बन्सीधरमामांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, 'वन्सं रुसल्यात का कुणावर?' मी काय सांगू? सकाळी मी लॅबमध्ये जाऊन आले, त्यामुळे निघायला उशीर झाला होता. तेव्हापासून त्या गप्पच होत्या. गाडीत डोळे मिटून, दरवाजाचं हँडल धरून बसलेल्या. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा हात घट्ट व्हायचा.

हल्ली घरातही काही काही बदललंय. भाकरी खाली बसून खायच्या त्या आता टेबलावर. पलंगाच्या पायांखाली सरजाबाईकडून विटा लावून घेतल्या, खालून झाडायला सोपं जातं म्हणे. सरजाबाई आमच्याकडं भांडी-पोळ्या करायला येते. आई आता तिच्याशीच जास्त बोलतात आणि मी आले की दोघी गप्प होतात.

२८ जानेवारी, मंगळवार

पहिला कप उखडला. मऊ ठोकळ्यातला. मशीन हळूहळू ओढत होती, पडद्यावरची रेघ चढत होती, आणि मग टप्प असा आवाज. तळहातावर घेतला तर कपाच्या पाठीला पिवळा भुगा.

डॉ. सुकेशनी बघायला आल्या होत्या. गावातल्या हाडांच्या डॉक्टर. वापरात न येणारे कप त्यांनीच मिळवून दिले. त्या म्हणाल्या, 'मला तुझे आलेख समजतील न समजतील. मला एवढंच सांग, म्हाताऱ्या बाईच्या हाडात ठोकताना मी कुठं थांबायचं? कमी ठोकला तर सैल. जास्त ठोकला तर हाडाची कड फुटते. आज मी नुसत्या कानावर जाते. ठोक्याचा आवाज बदलला की थांबते.'

जाताना विचारलं, 'विमलबाई बऱ्या आहेत ना?'

'बऱ्या आहेत,' म्हणाले. आईंना ओळखत नाही असा माणूस परभणीत सापडायचा नाही. अर्धं गाव त्यांच्या वर्गात बसलेलं.

डॉक्टर क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. काही बोलणार होत्या असं वाटलं. मग त्यांचा फोन वाजला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं फसलंय.

तोच कप, तीच जात, तीच मशीन, आणि आकडे कुठल्या कुठं. एक कप हातानं निघेल इतका सैल, शेजारचा दुप्पट जोर लावून निघेना. आठवडाभर मी कपांना दोष देत होते. आज खोबण मोजली. ती गोल नाहीच. आमच्या ड्रिल मशीनचा दांडा हलतोय, त्यामुळे कोरताना खोबण अंडाकृती होते. म्हणजे आजवर मी कपाची पकड मोजलीच नाही. ड्रिलचा थरकाप मोजला.

नांदेडला माझ्या गाइड सरांना फोन केला. ते म्हणाले, सरासरी काढली की झाकलं जाईल, मार्चअखेर प्रबंध देऊन टाक. सर वाईट नाहीत. त्यांच्या हाताखाली बरेचजण खोळंबलेत.

संध्याकाळी आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

'परत करायचं म्हणलं तर किती दिवस जातील?'

'दोन महिने तरी. ठोकळे परत मागवायचे, खोबण दुसरीकडं कोरून घ्यायची.'

आई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मेथीची जुडी हातात तशीच. मला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही.

'दोन महिने,' त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'कर परत. खोटं कशाला द्यायचं? त्या भरवशावर उद्या कुणी कुणाला कप ठोकील.'

जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या आणि लवकर आडव्या झाल्या. मी त्यांना निराश केलं बहुतेक. आपली सून मार्चमध्ये डॉक्टर होणार असं त्यांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नागेशला सुट्टी होती म्हणून पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जायचं ठरलं. आईंनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. आज म्हणाल्या, 'तुम्ही दोघं जाऊन या. मला कंटाळा यायलाय.'

देवाचा कंटाळा? रस्ताभर मी नागेशला तेच विचारत होते. तो म्हणाला, 'रागावली असंल तर बोलंल की. आई मनात ठेवणारी नाही.'

मला राहवलं नाही. परत आल्यावर प्रसाद देताना सरळ विचारलं, 'आई, माझं काही चुकायलंय का?'

त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच हळूहळू खुर्चीतून उठल्या. उभ्या राहिल्यावरही सोडला नाही. 'तुझं?' म्हणाल्या. 'नाही ग बाई. तू तुझं काम कर.'

हात किती घट्ट धरला होता. म्हणजे राग नसावा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एमआयडीसीतल्या आश्रुबांच्या वर्कशॉपमध्ये लेथवर खोबणी कोरून घेतल्या. आता गोल म्हणजे गोल. आज सलग सगळे कप जवळजवळ एकाच जोरावर निघाले. मी मशीनसमोर उभी राहून एकटीच हसत होते.

आणि एक गोष्ट दिसायला लागलीय. मऊ ठोकळ्यात खोबण फार लहान ठेवली, म्हणजे कप फार आवळून बसवला, तर बसताना तो खूप घट्ट वाटतो. पण त्याच वेळी खोबणीची कड आतून चुरते. सरळ ओढलं तर काही कळत नाही. दांडा लावून आडवं हिसकलं की लगेच सुटतो. खोबण जराशी मोकळी ठेवली तर कड शाबूत राहते आणि कप जास्त वेळ धरून बसतो. माझ्या ठोकळ्यांत तरी असं दिसतंय. अजून बरेच बाकी आहेत.

आईंना सगळं सांगितलं. त्यांनी परत परत विचारलं, 'आडवा जोर म्हणजे कसा? माणूस काय केल्यावर येतो तो?' मी म्हणाले, खाली बसताना, वाकताना, मांडी घालताना. त्या मान हलवत होत्या. असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

११ मार्च, मंगळवार

कसं लिहू कळत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

दुपारी ठोकळा आवळायची एक पकड घरी राहिली होती ती न्यायला आले. स्कूटी कोपऱ्यावर लावून मागच्या दारानं आले, कारण पुढं वाळूचा ट्रक उभा होता. दार उघडंच होतं. आई ओट्याकडून देवघराकडं चालल्या होत्या. एक हात भिंतीला. दुसरा सरजाबाईच्या खांद्यावर. उजवा पाय टेकला की सगळं अंग उजवीकडं कलायचं, मग सावरायचं, मग पुढचं पाऊल. मधे थांबून श्वास घ्यायच्या. मी ते चालणं पाहिलंय. पुस्तकात त्याची चित्रं आहेत, त्याला नाव आहे, मी विद्यार्थ्यांना ते शिकवते.

माझ्या हातातली किल्ली पडली. दोघी वळल्या.

सरजाबाईच आधी बोलली. 'ताई, मावशीनं मला शपथ घातली व्हती. दिवाळीपासून चाललंय हे. तुमी गेल्या की गोळी घेत्यात अन् घंटाभर पडून राहत्यात. लय तरास हाय. मी म्हणलं सांगा, तर आयकंनात.'

'सरजा, तू जा बघू,' आई म्हणाल्या. मला म्हणाल्या, 'तू आधी पाणी पी.'

मी पाणी प्यायले नाही. मी ओरडले. आजवर त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. काय काय बोलले ते आठवत नाही. हे आठवतं की मी म्हणाले, 'माझं कामच खुब्याचं आहे आणि मला कळू दिलं नाही?'

'म्हणूनच नाही दिलं,' त्या म्हणाल्या. खुर्चीत बसायला त्यांना वेळ लागला. मी धरायला गेले नाही, इतका राग आला होता. 'डॉक्टर सुकेशनीकडं दिवाळीनंतर गेले होते. तिनं फोटो काढला. सांधा बदलावा लागंल म्हणाली. तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्या उशाशी बसली असतीस.'

'बसले असते.'

'तेच नको होतं.'

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात सांगतात तसं. त्यांचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि त्यांच्या सासूबाई न्हाणीत पडल्या. घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. परीक्षा पुढच्या वर्षी देऊ म्हणाल्या. 'ते पुढचं वर्ष काही आलं नाही. कुणी अडवलं नाही हं मला. कुणी वाईटही नव्हतं. नुसतं राहून गेलं. तुझं होऊ दे, मग सांगू म्हणलं. मार्चपर्यंतचा तर प्रश्न होता.'

मार्च. आणि मी फेब्रुवारीत त्यांच्यासमोर बसून दोन महिने वाढवून मागितले.

'तेव्हा तरी सांगायचं ना, आई.'

'मग काय म्हणायचं होतं? खोटे आकडे दे म्हणू?'

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. मग एकदम आठवलं आणि डोकं उचललं, की हाच पाय आहे. त्या म्हणाल्या, 'राहू दे. गुडघा नाही दुखत.'

त्या रुसल्या नव्हत्या. मानवतलाही नाही, पोखर्णीच्या दिवशीही नाही. मी इतके दिवस घरात राहून सगळ्याचा अर्थ माझ्यापुरता लावत होते.

नागेशला फोन केला. तो मिळेल त्या गाडीनं आला आणि चपला न काढता आईच्या पायाशी बसून पाय दाबायला लागला.

थोड्या वेळानं आई म्हणाल्या, 'उजवा रे.'

१३ मार्च, गुरुवार

लॅबला गेले नाही. आईंनी दोनदा कारण विचारलं. मी त्यांच्या पलंगाखालच्या विटा काढून नीट लाकडी ठोकळे लावून घेतले. त्या म्हणाल्या, 'विटा बऱ्या होत्या.'

१८ मार्च, मंगळवार

डॉ. सुकेशनींकडं गेलो. फोटोत गोळा आणि खोबण यांच्यामधली फट राहिलीच नाही, हाडावर हाड. मला आधी सांगितलं नाही म्हणून त्यांच्यावरही रागवायचं ठरवून गेले होते. त्या म्हणाल्या, 'पेशंटनं सांगू नको म्हणल्यावर माझं तोंड बंद. पण तुझ्या लॅबमध्ये आले त्या दिवशी जीभ फार वळवळली.'

आईंना नागेशबरोबर बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, 'हाड मऊ आहे. तुझे ठोकळे काय म्हणतायत?'

आजवर मला हेच हवं होतं, की कुणी तरी माझ्या आकड्यांचा उपयोग विचारावा. आणि आता मला वाटलं, पळून जावं.

'फोम म्हणजे हाड नाही, मॅडम. त्याला रक्त नाही, वरचं कडक कवच नाही. माझं अजून पुरं झालेलं नाही.'

'ते मला माहीत आहे. तरी सांग.'

मी सांगितलं. मऊ ठोकळ्यात फार आवळू नका, कड चुरते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, 'मलाही बरेच दिवस तसंच वाटतंय. मी आत बघून ठरवेन. कदाचित स्क्रू लावेन, कदाचित सिमेंटनं चिकटवायचा कप घालेन. पण ईश्वरी, ठरवणार मी. ते ओझं तू घरी न्यायचं नाही.'

ते कसं न न्यायचं? मी आजवर एकही कप टिकताना पाहिलेला नाही. माझं कामच असं की प्रत्येक कप निघेपर्यंत ओढायचा. टिकलेल्या कपाचा माझ्याकडं एकही आलेख नाही.

रात्रीच्या भाकरी झाल्यावर आईंनी विचारलं, 'तो कप निघतो का ग?'

'मी ओढते तेव्हा निघतो.'

'सोपा निघतो?'

'सरळ ओढला तर नाही. वाकडा हिसकला तर मऊ ठोकळ्यात निघतो, आई.' खोटं बोलवेना.

त्यांनी विचार केला. 'मग मी वाकडं काही करणार नाही,' म्हणाल्या. जसं काही एवढाच प्रश्न होता.

२४ मार्च, सोमवार

सकाळी आईंना आत नेलं. कंबरेखालची भूल होती. दवाखाना लहान, बोळाच्या टोकालाच ऑपरेशन थिएटरचं दार. मी आणि नागेश बाकावर.

बऱ्याच वेळानं ठोक्यांचे आवाज यायला लागले. नागेशनं माझ्याकडं बघितलं. 'हे काय?' मी म्हणाले, बसवतायत. त्यानं डोकं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी कान झाकले. मी झाकले नाहीत. मी ऐकत होते. भरीव, मऊ आवाज. मग थोडं थांबणं. मग परत, आणि शेवटचे दोन-तीन ठोके वेगळे, चढे. मग शांत.

तो कप होता की मांडीच्या हाडात बसवतात तो दांडा, ते मला बाहेरून कसं कळणार? पण मी तिथं बसून मनातल्या मनात म्हणत होते, आता थांबा, आता थांबा.

डॉ. सुकेशनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. 'कप चांगला बसला. तुझ्या म्हणण्यासारखं जरा मोकळंच कोरलं. धरून हलवला तर सगळी कंबर हलली, कप हलला नाही. दोन स्क्रू पण टाकलेत. ते माझ्या झोपेसाठी.'

नागेशनं हात जोडले.

संध्याकाळी आईंना खोलीत आणलं. ओठ सुकलेले, पण बोलायची हौस. 'मी जागीच होते ग मधूनमधून. वाटायचं, शेजारच्या घरात कुणी भिंतीला खिळा मारतंय. डॉक्टर म्हणाली, विमलबाई, घाबरू नका. मी म्हणलं, मी कशाला घाबरू? माझी सून दिवसभर हेच करते.'

३० मार्च, रविवार

पाडवा. परवा घरी आणलं. गुढी नागेशनं उभारली, आईंनी वॉकर धरून दारातून बघितली. मी त्यांच्या मागं दोन्ही हात पसरून उभी. 'मी पडणार नाही,' म्हणाल्या, 'तू मला वारा घालतेस का?'

त्या खोकल्या की माझ्या डोळ्यासमोर रेघ चढायला लागते. कूस बदलली की चढते. मला शिक्षणानं हे दिलंय.

३ एप्रिल, गुरुवार

आज भांडण झालं. मी रजा वाढवून घेतली हे त्यांना कळलं. त्यांनी वॉकर बाजूला सरकवला आणि पलंगावर बसून राहिल्या.

'चालायची वेळ झाली, आई.'

'तू कॉलेजला जाणार आहेस का?'

'आठ दिवसांनी.'

'मग मीही आठ दिवसांनी चालंन.'

सरजाबाई दारात उभी राहून हसत होती. 'आता बसा दोघीबी,' म्हणाली. 'मावशीकडं मी बघते. सकाळपासनं हितंच राहते मी. तुमी नसल्या की मावशी गुमान आयकत्यात माझं.'

उद्या जाते. हरले मी.

९ एप्रिल, बुधवार

लॅबमधून आले तर आई पायांच्या बोटांकडं बघत बसलेल्या. नखं वाढली होती. वाकायला मनाई आहे, तिथपर्यंत हात न्यायचा नाही. चार-पाच दिवस त्या मोजे घालून बसत होत्या ते का, ते आज कळलं.

मी गरम पाण्याचं घमेलं आणलं. त्यांनी पाय मागं घेतला. 'सरजा करंल उद्या.'

'मी करते.'

'नको. लाज वाटते मला.'

'कशाची?'

मी खाली बसून पाय घमेल्यात ठेवले. टाचा भेगाळलेल्या. शाळेत उभं राहून राहून अंगठे बाहेर वळलेले. सणासुदीला मी या पायांना हात लावते, डोकं टेकवते, आणि आज पहिल्यांदा ते नीट पाहिले. डाव्या करंगळीला नखच नाही, नुसती मऊ जागा.

'हे कधी गेलं?'

'नागेश पोटात होता तेव्हा. पाट्यावरचा वरवंटा पडला होता.'

एकेक नख कापत गेले. मग माझ्या डोक्यावर त्यांचा हात आला. आशीर्वादाला ठेवतात तसा नाही. केसांत बोटं घालून, तेल आहे का कोरडे पडलेत ते बघतात तसा.

'तुझ्याकडं कोण बघायलंय?' म्हणाल्या. 'रविवारी तेल लावून देते. मला खुर्चीत बसून जमंल.'

६ मे, मंगळवार

डॉ. सुकेशनींनी काठीवर बाहेर जायला परवानगी दिली. म्हणाल्या, कुठं जायचंय ते सांगा, हवं तर पोखर्णीला गाडीतून जा. आई म्हणाल्या, 'आधी हिच्या लॅबमध्ये जायचंय.'

मला ते नको होतं. ऊन फार आहे म्हणाले, लॅबमध्ये पंखा नीट चालत नाही म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मऊ ठोकळ्यांची शेवटची फेरी चालू आहे, आडव्या हिसक्याची. त्यांच्या अंगात जो कप आहे त्याचाच भाऊ मशीनवर लागलेला असणार आणि तो त्यांच्यासमोर उखडणार.

'तेच बघायचंय,' त्या म्हणाल्या.

नागेशनं गाडीनं सोडलं. लॅब तळमजल्यावर आहे हे बरं. आई काठी टेकत आल्या. आता अंग कलत नाही, नुसती जपून चाल. मशीनपासून जरा लांब खुर्ची ठेवली. त्यांनी पदरानं घाम पुसला, चष्मा नीट केला आणि वर्गाची तपासणी करायला आल्यासारख्या बसल्या.

ठोकळा लावला. कपाच्या मधोमध दांडा बसवला. बटण दाबायच्या आधी मी परत म्हणाले, 'आई, हा फोम आहे. यात हाड वाढत नाही. याला स्क्रू नाहीत. तुमच्याशी याचा काही—'

'लाव,' त्या म्हणाल्या.

मशीन सुरू झाली. दांडा हळूहळू आडवा ओढला जायला लागला. पडद्यावर रेघ चढली. मी पडद्याकडं न बघता आईंकडं बघत होते. त्या कपाकडं बघत होत्या, थोड्या पुढं झुकून, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. ठोकळ्यातून बारीक करकर ऐकू यायला लागली. कडेला चीर दिसली. रेघ चढतच होती. आई एकदाही हलल्या नाहीत. मग करकर वाढली, रेघ डगमगली, आणि कप एका बाजूनं वर येऊन सुटला.

मी मशीन थांबवली. मला त्यांच्याजवळ जायचं होतं आणि जाववत नव्हतं.

'आण इकडं,' त्या म्हणाल्या.

मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाठीवरचा पिवळा भुगा अंगठ्यानं झाडला. खरखरीत पाठीवरून बोट फिरवलं. मग ठोकळा मागितला, त्यातल्या खोबणीची मोडलेली कड पाहिली. चेहऱ्यावर भीती शोधत होते मी. ती नव्हती.

'मला वाटलं होतं, लगेच निघत असंल,' आई म्हणाल्या. 'तू सांगायचीस त्यावरून मला तसंच वाटायचं. किती वेळ धरून बसला होता बिचारा.'

मी आजवर शेकडो वेळा हे बघितलं आणि दर वेळी सुटण्याचा क्षण तेवढा लिहून घेतला.

त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि काठी टेकून खुर्ची मशीनच्या जवळ सरकवायला सांगितली. मी सरकवली.

'दुसरा लाव,' म्हणाल्या. 'नागेशला यायला वेळ आहे.'